मंडळावरील दोन जागा : सार्वजनिक संस्थांतील स्त्री-पुरुष समतोल आणि समान मोबदला यांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली)

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदाने स्त्री आणि पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावे, असे राज्यसंस्थेला मार्गदर्शक तत्त्व म्हणून सांगितले आहे. १५व्या अनुच्छेदाने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा दिली आहे. पहिली तरतूद मोबदल्याची आहे आणि दुसरी प्रतिनिधित्वाकडे नेणारी आहे. गेल्या अनेक दशकांत या दोन प्रश्नांची चर्चा स्वतंत्रपणे होत आली. वेतनाचा प्रश्न कामगार कायद्याच्या अभ्यासकांकडे गेला, प्रतिनिधित्वाचा प्रश्न राज्यशास्त्राकडे आला. प्रत्यक्षात मात्र मोबदला किती द्यायचा याचा निर्णय ज्या मंडळाच्या बैठकीत होतो, त्या बैठकीत कोण बसते हा प्रश्न वेतनाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार करून, महाराष्ट्रातील सार्वजनिक व सहकारी संस्थांच्या मंडळांवरील स्त्रियांच्या स्थानाची चिकित्सा केली आहे.

या चिकित्सेचा संदर्भबिंदू हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेले पुसेगाव हा आहे. सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे प्रसिद्ध असलेल्या पुसेगावाशी याचे केवळ नामसाम्य आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि सेनगाव हा त्याच्या पाच तालुक्यांपैकी एक ठरला. मुंबईतील एखाद्या सार्वजनिक उपक्रमाचे संचालक मंडळ आणि पुसेगावसारख्या गावातील स्त्री यांचा परस्परांशी काय संबंध, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु गावातील स्त्रीच्या जीवनाला स्पर्श करणाऱ्या ग्रामपंचायत, सेवा सहकारी संस्था, बाजार समिती, जिल्हा मध्यवर्ती बँक, वीज व परिवहन या सर्व यंत्रणा कोणत्या ना कोणत्या मंडळाच्या निर्णयाने चालतात. म्हणून मंडळ हा विषय शहरी उच्चशिक्षितांपुरता मर्यादित मानणे युक्त नाही.

'दोन' या अंकाचा इतिहास

स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा भारतीय इतिहास तपासताना एक अंक पुनःपुन्हा समोर येतो, तो म्हणजे 'दोन'. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीवर स्त्रिया व मुलांच्या कामात रस असणाऱ्या दोन स्त्रियांना स्वीकृत करून घ्यावे, अशी शिफारस केली. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने निवडणुकीत सर्वाधिक मते मिळवलेल्या दोन स्त्रिया निवडून आल्या नसल्या तरी त्यांना सदस्यत्व द्यावे, असे सुचविले. २०१२ मध्ये अंमलात आलेल्या ९७व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थेच्या मंडळाची कमाल सदस्यसंख्या २१ ठरवली आणि त्यात स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी ही घटनादुरुस्ती एका राज्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या सहकारी संस्थांना लागू होणार नाही, असा निर्णय दिला. तथापि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात त्या अनुषंगाने आलेली दोन जागांची तरतूद कायम राहिली. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या १८ जणांच्या संचालक मंडळातही सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून स्त्रियांसाठी दोनच जागा आहेत.

मेहता समितीपासून ९७व्या घटनादुरुस्तीपर्यंत ५५ वर्षांचा काळ लोटला. या काळात स्त्रियांचे शिक्षण, मतदान व नोकरी यांत झालेला बदल सर्वज्ञात आहे. अंक मात्र बदलला नाही. यावरून असे अनुमान काढता येते की, या जागांमागे स्त्रियांच्या संख्येचा किंवा योगदानाचा कोणताही हिशेब नव्हता. मंडळावर स्त्री 'असावी' एवढीच अपेक्षा होती. तिने मंडळाचा निर्णय बदलावा ही अपेक्षा नव्हती.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात असे दाखविले की, एखाद्या गटात अल्पसंख्य घटकाचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर त्या घटकातील व्यक्तीकडे व्यक्ती म्हणून न पाहता तिच्या वर्गाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते. तिच्या चुका ठळक होतात, तिचे मत 'बायकांचे मत' ठरते. या निकषावर महाराष्ट्रातील स्थिती तपासून पाहता येईल. २१ पैकी दोन म्हणजे साडेनऊ टक्के. १८ पैकी दोन म्हणजे सुमारे ११ टक्के. गावपातळीवरील सेवा सहकारी संस्थेत सामान्यतः असणाऱ्या १३ संचालकांपैकी दोन म्हणजे १५ टक्क्यांहून किंचित अधिक. थोडक्यात, ज्या प्रमाणात स्त्रीचा आवाज ऐकू न येण्याची शक्यता सर्वाधिक असते, नेमके तेच प्रमाण कायद्याने निश्चित करून ठेवले आहे.

याउलट ग्रामपंचायतीचा अनुभव आहे. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव केल्या. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने किमान एक-तृतीयांश जागा व पदे दिली आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्के केले. परिणामी एकाच गावात दोन भिन्न व्यवस्था शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आणि त्याच गावातील सेवा सहकारी संस्थेत दोन. मतदार तेच, गाव तेच, घरेही तीच. भेद आहे तो संस्थेच्या स्वरूपात. एक संस्था लोकप्रतिनिधित्वाची मानली गेली आणि दुसरी पतपुरवठ्याची. जिथे पीककर्जाचा निर्णय होतो, तिथे समतेचे प्रमाण एकदम खाली येते, ही बाब योगायोगाची मानता येणार नाही.

सातबारा ते संचालक मंडळ : वगळण्याची उतरंड

सहकारी क्षेत्रात स्त्रियांच्या जागा कमी आहेत, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. ज्या वाटेने त्या जागांपर्यंत पोहोचायचे, ती वाट जमिनीपासून सुरू होते. सेवा सहकारी संस्थेचे कर्जदार सभासदत्व मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला मिळते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील एकूण वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. सभासद नसलेली स्त्री संस्थेच्या मंडळावर जाऊ शकत नाही. सेवा संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांचे सदस्य हे बाजार समितीच्या सर्वांत मोठ्या मतदारसंघाचे मतदार असतात. संस्थेने ठराव करून पाठवलेला प्रतिनिधी जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या निवडणुकीत मत देतो. हिंगोली जिल्ह्याचे क्षेत्र आजही परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या कार्यक्षेत्रात येते. म्हणजे पुसेगावच्या शेतकरी स्त्रीला या बँकेच्या मंडळापर्यंत पोहोचायचे असेल, तर तिला सातबारा, सभासदत्व, संस्थेचे मंडळ, प्रतिनिधीचा ठराव आणि अखेरीस बँकेची निवडणूक अशा पाच पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिल्याच पायरीवर बहुसंख्य स्त्रिया गळून पडतात.

या प्रश्नाची जाण महाराष्ट्राला नव्हती असे नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या महिला अधिवेशनाने शेतकरी स्त्रीच्या संपत्तीविषयक हक्काचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची मोहीम चालली. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला सहदायिकी हक्क दिला. केंद्राने तो २००५ मध्ये दिला. १९९४ चेच महाराष्ट्राचे महिला धोरण हे देशातील राज्यपातळीवरील पहिले मानले जाते. परंतु या सर्व प्रयत्नांचा रोख मालमत्तेच्या हक्कावर राहिला. त्या हक्कातून निर्माण होणाऱ्या संस्थात्मक सदस्यत्वाची जोड त्याला मिळाली नाही. सहधारक म्हणून नाव लागलेली पत्नी आपोआप संस्थेची सभासद होत नाही. जमिनीवर नाव आले. मंडळावर आले नाही.

राज्यसंस्था : नियामक म्हणून एक, मालक म्हणून दुसरी

कंपनी क्षेत्राकडे वळल्यास चित्र अधिक बोलके होते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १४९ अन्वये सर्व नोंदणीकृत सूचिबद्ध कंपन्यांना, तसेच किमान १०० कोटी रुपये भरणा झालेले भागभांडवल किंवा किमान ३०० कोटी रुपयांची उलाढाल असलेल्या सार्वजनिक मर्यादित कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमणे बंधनकारक झाले. ही तरतूद आल्यानंतर अनेक खाजगी कंपन्यांनी प्रवर्तकांच्या पत्नी, मुली किंवा अन्य नातलग स्त्रियांची वर्णी लावून कायद्याची अट पूर्ण केली. सेबीने या अनुभवापासून धडा घेतला. २०१८ च्या दुरुस्तीने सर्वांत मोठ्या ५०० सूचिबद्ध कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२० पासून किमान एक 'स्वतंत्र' स्त्री संचालक आवश्यक केली.

या नियमाचे पालन करण्यात ज्या कंपन्या मागे राहिल्या, त्यांत खुद्द केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपन्या ठळकपणे दिसतात. इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल यांसारख्या कंपन्यांना मंडळावर पुरेसे स्वतंत्र संचालक व स्त्री संचालक नसल्याबद्दल शेअर बाजारांनी २०२३ व २०२४ मध्ये लागोपाठ अनेक तिमाहींत दंड आकारला. या कंपन्यांचे उत्तर असे की, संचालक नेमण्याचा अधिकार कंपनीकडे नसून सरकारकडे आहे. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. नियम करणारी राज्यसंस्था जी अट खाजगी कंपनीवर घालते, तीच अट मालक या नात्याने स्वतः पाळत नाही. दंड एका सरकारी खिशातून निघतो आणि नेमणुकीचा अधिकार असलेल्या मंत्रालयाला त्याची झळ बसत नाही.

सार्वजनिक उपक्रमांत स्त्रियांनी सर्वोच्च पदे भूषविल्याची उदाहरणे आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियमच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकपदी मार्च २०१४ मध्ये निशी वासुदेव आल्या. भारतीय स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी ऑक्टोबर २०१३ मध्ये अरुंधती भट्टाचार्य आणि सेलच्या अध्यक्षपदी जानेवारी २०२१ मध्ये सोमा मंडल यांची नियुक्ती झाली. ही नावे अभिमानाने घेतली जातात, ते योग्यच आहे. परंतु ती बोटांवर मोजता येतात, हे त्या व्यवस्थेचेच वर्णन आहे. 'पात्र स्त्रिया मिळत नाहीत' या युक्तिवादाला ही नावे उत्तर देतात. त्याचबरोबर पात्रतेच्या पायऱ्यांवर स्त्रिया कुठे अडतात हा प्रश्नही उभा करतात. मंडळस्तरीय पदासाठी त्याखालच्या ज्येष्ठ पदावरील अनुभव, अखंड सेवा आणि निवृत्तीपूर्वीचा शिल्लक कालावधी पाहिला जातो. ज्या स्त्रीने बाळंतपण, बदली आणि घरातील आजारपण यांत सेवेची वर्षे गमावली, ती या गणितात आपसूक मागे पडते. नियम कुठेही स्त्रीचे नाव घेत नाही, तरीही तो तिच्याविरुद्ध जातो.

समान पदाला समान वेतन : अर्धे सत्य

आता मोबदल्याकडे वळता येईल. सार्वजनिक क्षेत्रात वेतन व्यक्तीला नव्हे, पदाला जोडलेले असते. सार्वजनिक उपक्रम विभागाच्या २०१७ च्या आदेशानुसार 'अ' अनुसूचीतील उपक्रमाच्या मुख्य कार्यकारी पदाची वेतनश्रेणी २,००,००० ते ३,७०,००० रुपये आणि कार्यकारी संचालकाची १,८०,००० ते ३,४०,००० रुपये ठरली. त्या पदावर स्त्री असो वा पुरुष, श्रेणी एकच. महाविद्यालयीन शिक्षकांची वेतनश्रेणीही अशीच आहे. सरपंचाचे मानधन गावाच्या लोकसंख्येवर ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दुप्पट करून २,००० पर्यंत लोकसंख्येसाठी ६,०००, ८,००० पर्यंत ८,००० आणि त्याहून मोठ्या गावासाठी १०,००० रुपये केले. यातही स्त्री सरपंच व पुरुष सरपंच असा भेद नाही.

म्हणून सार्वजनिक क्षेत्रात समान वेतनाचा प्रश्न सुटला आहे, असा समज रूढ झाला. हा समज अर्धे सत्य आहे. समान पदाला समान वेतन ही हमी मिळाली. पदेच समान नसतील तर काय, याचे उत्तर मिळाले नाही.

या उणिवेचे मूळ कायद्याच्या शब्दरचनेत आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९५१ च्या १००व्या करारात 'समान मूल्याच्या कामा'साठी समान मोबदला अभिप्रेत आहे आणि भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला. १९७६ च्या समान वेतन अधिनियमाने मात्र 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचे काम' एवढीच मर्यादा घेतली. हा कायदा सामावून घेणाऱ्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेतही तीच शब्दरचना कायम आहे. 'समान मूल्य' या संकल्पनेत दोन वेगवेगळ्या कामांची तुलना करता येते. 'तशाच स्वरूपाचे काम' या संकल्पनेत तुलनेसाठी शेजारी तेच काम करणारा पुरुष असावा लागतो.

दोन निवाडे याची साक्ष देतात. १९८७ च्या मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या मुंबईच्या खटल्यात स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. वरिष्ठांच्या खाजगी लघुलेखकपदी पुरुष नेमले जातच नाहीत, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही; कारण त्याच कार्यालयात तेच काम करणारे पुरुष लघुलेखक उपलब्ध होते. याच्या सहा वर्षे आधी, १९८१ च्या एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा या खटल्यात चित्र निराळे होते. एअर इंडिया त्या वेळी मुंबईत मुख्यालय असलेले सार्वजनिक महामंडळ होते. पहिल्या गर्भारपणी हवाई सुंदरीची सेवा संपविण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला. परंतु पुरुष सहायकांच्या तुलनेत असणाऱ्या सेवाशर्तींतील भेद मात्र, दोन्ही संवर्ग वेगळे आहेत या आधारावर, मान्य केला. संवर्ग वेगळा केला की तुलना संपते आणि तुलना संपली की समानतेचा दावाही संपतो, हे या निवाड्याचे व्यावहारिक तात्पर्य होते.

मानधन : ज्या कामाला तुलनेचा पुरुष नाही

हाच न्याय गावपातळीवर आणल्यास अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा यांचा प्रश्न स्पष्ट होतो. पुसेगावसारख्या कोणत्याही गावात राज्यसंस्थेचे सर्वाधिक दैनंदिन काम करणाऱ्या व्यक्ती याच आहेत. लसीकरण, गरोदर मातेची नोंद, पूरक आहार, वजन-उंची, सर्वेक्षण आणि साथरोगाच्या काळातील घरभेटी ही कामे त्यांच्याकडे असतात. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात अंगणवाडी सेविकेचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये, मदतनिसाचे ४,४२५ वरून ५,५०० रुपये आणि आशांचे राज्याकडून मिळणारे मानधन ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह होती. तरीही तिला 'वेतन' म्हटले गेले नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अंगणवाडी सेविका या नागरी पदधारक नाहीत असे म्हटले. २०२२ मध्ये मात्र त्यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. न्यायालयाची ही वाटचाल लक्षणीय असली तरी वेतनश्रेणीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

येथे समान वेतनाच्या कायद्याचा उपयोग होत नाही, कारण अंगणवाडी सेविका हे पद स्त्रियांचेच आहे. तुलनेला पुरुष नाही. एखादे काम संपूर्णपणे स्त्रियांकडे सोपवले, त्याला सेवा म्हटले आणि मोबदल्याला मानधन म्हटले की विषमता कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. 'मानधन' या शब्दात मान आहे आणि धनही आहे. परंतु व्यवहारात मानाच्या बदल्यात धनाची कपात होते. विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच तुलना हा शब्द ठेवला होता. तुलना करण्याचा अधिकार हाच समतेचा पहिला अधिकार आहे, हे त्या शीर्षकाने सूचित केले. संवर्ग वेगळे करणारी आजची व्यवस्था नेमका तोच अधिकार काढून घेते.

शेतीतील मजुरीचा विचारही याच अंगाने करावा लागतो. मराठवाड्यात निंदणी, खुरपणी, वेचणी ही 'बायांची कामे' आणि औत, फवारणी ही 'गड्यांची कामे' अशी विभागणी रूढ आहे. हजेरीचे दर कामानुसार वेगळे आहेत असे सांगितले जाते, स्त्री-पुरुष भेदानुसार नव्हे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने १९७० च्या दशकातच कामाच्या मोजमापावर मजुरी देऊन ही भिंत काही अंशी भेदली होती, हे विसरता येत नाही. हिंगोलीचे हळदीचे मार्केट यार्ड आज नावारूपाला आले आहे. हळदीची लागवड, खुरपणी व काढणीनंतरच्या कामात स्त्रियांचे श्रम मोठे आहेत. पण त्या हळदीचा लिलाव ज्या बाजार समितीच्या नियंत्रणाखाली होतो, तिच्या मंडळावर त्यांच्यासाठी राखीव असलेल्या जागा दोन आहेत.

आक्षेप आणि त्यांची तपासणी

आरक्षणाविरुद्ध सर्वाधिक घेतला जाणारा आक्षेप 'सरपंचपती'चा आहे. निवडून आलेल्या स्त्रीच्या नावाने पती, सासरा किंवा दीर कारभार पाहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीनेही २०२५ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. मात्र या वस्तुस्थितीवरून आरक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. रघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले की, स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांनी मागणी केलेल्या कामांवर अधिक गुंतवणूक झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात असे आढळले की, ज्या ठिकाणी दोन वेळा स्त्री-आरक्षण आले, तिथे नंतर खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक प्रमाणात निवडून आल्या.

हा दुसरा निष्कर्ष महाराष्ट्राच्या फिरत्या आरक्षणाला थेट लागू होतो. सरपंचपद एका निवडणुकीत राखीव आणि पुढच्या वेळी खुले झाले की, पाच वर्षांत दप्तर वाचायला, ग्रामसेवकाशी वाद घालायला आणि पंचायत समितीत पाठपुरावा करायला शिकलेली स्त्री कारभारातून बाहेर पडते. तिच्या जागी नव्याने आलेल्या स्त्रीकडे पुन्हा 'तिला काय कळते' या दृष्टीने पाहिले जाते. दोष स्त्रीच्या कर्तृत्वाचा नसून तिला पुरेसा काळ न देणाऱ्या रचनेचा आहे. ग्रामपंचायत कायद्याने स्त्री सरपंचाविरुद्धच्या अविश्वास ठरावाला तीन-चतुर्थांश बहुमताची अट घालून तिला मुदतीपुरते संरक्षण दिले आहे. मुदतीनंतरचे सातत्य मात्र दिलेले नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा आहे. मंडळावर गुणवत्तेनेच यावे, हे मान्य. परंतु सहकारी संस्थेच्या पुरुष संचालकाची गुणवत्ता कोणत्या निकषावर तपासली जाते? त्याच्या नावावर जमीन आहे, तो गटातला आहे, याहून वेगळी परीक्षा त्याला क्वचितच द्यावी लागते. गुणवत्तेचा प्रश्न स्त्रीच्या नावापुढेच उपस्थित होणे हा स्वतंत्र विषमतेचा पुरावा आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघाने १९९८ व २००४ मध्ये सूर्यकांता पाटील यांना निवडून दिले आणि त्या केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. जो मतदार लोकसभेसाठी स्त्रीला राखीव नसलेल्या जागेवरून निवडून देतो, तो सेवा संस्थेसाठी तिला अपात्र मानतो असे म्हणणे कठीण आहे. अडथळा मतदाराच्या मनात जितका आहे, त्याहून अधिक मतदारयादीत आहे.

तुलनात्मक अनुभव

नॉर्वेने २००३ मध्ये संचालक मंडळांवर दोन्ही लिंगांचे किमान ४० टक्के प्रतिनिधित्व असावे असा कायदा केला. त्याची अंमलबजावणी प्रथम, २००४ पासून, सरकारी मालकीच्या कंपन्यांत झाली. खाजगी क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांवर पूर्ण सक्ती २००८ मध्ये आली. स्कॉटलंडने २०१८ मध्ये केवळ सार्वजनिक मंडळांसाठी स्वतंत्र कायदा करून अकार्यकारी सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात हे उद्दिष्ट ठरविले. या उदाहरणांतील महत्त्वाची बाब टक्केवारी नाही, क्रम आहे. राज्यसंस्थेने प्रथम आपले घर सावरले आणि नंतर इतरांना नियम सांगितला. भारतात हा क्रम उलटा झाला. आइसलँडने जानेवारी २०१८ पासून २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असणाऱ्या आस्थापनांना समान वेतनाचे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. तिथे वेतन समान आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी आस्थापनेवर आली. आपल्याकडे विषमता सिद्ध करण्याची जबाबदारी आजही तक्रारदार स्त्रीवरच आहे.

महाविद्यालयांच्या उंबरठ्याआत

हा विचार गावापुरता किंवा तेलकंपन्यांपुरता ठेवणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीत निवडून येणाऱ्या तीन शिक्षकांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षस्थानी स्त्री असते आणि निम्मे सदस्य स्त्रिया असतात. दोन्ही तरतुदी आवश्यक आहेत. पण त्यांच्यातील फरकही बोलका आहे. तक्रार ऐकण्याची जबाबदारी स्त्रीच्या अध्यक्षतेखाली येते; अंदाजपत्रक व विकास आराखड्याच्या चर्चेत मात्र कायदा तिच्या एका जागेवर समाधान मानतो. वेतनाच्या बाबतीतही नियमित प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक हे दोन संवर्ग एकाच वर्गखोलीत एकच अभ्यासक्रम शिकवतात. येथे तर तुलनेसाठी समोर सहकारी उभा आहे. समान कामाचा दावा समजावून सांगणाऱ्या प्राध्यापक वर्गाला हा दावा आपल्याच संस्थेत किती पेलतो, हे तपासावे लागेल.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथमतः, समतोल आणि समान मोबदला हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत. मानधन किती असावे, कोणते काम वेतनश्रेणीत बसावे, कोणाला कर्ज मिळावे हे ठरविणाऱ्या मंडळांत स्त्रिया नगण्य आहेत, आणि त्या निर्णयांचा भार वाहणाऱ्यांत त्या बहुसंख्य आहेत. द्वितीयतः, 'दोन' जागांची परंपरा प्रतिनिधित्व देत नाही. ती केवळ अनुपस्थितीचा आरोप टाळते. तृतीयतः, समान पदाला समान वेतन या तत्त्वाने सार्वजनिक क्षेत्रातील विषमता नष्ट केली नाही, ती पदांच्या वर्गवारीत हलवली.

उपाय म्हणून सहकारी संस्था, बाजार समित्या व शासकीय महामंडळे यांच्या मंडळांवर ग्रामपंचायतीच्या धर्तीवर किमान एक-तृतीयांश जागा द्याव्यात. सातबाऱ्यावरील सहधारक पत्नीला संस्थेचे सभासदत्व आपोआप मिळावे. पदांचे आरक्षण सलग दोन मुदतींसाठी असावे. आणि वेतन संहितेत 'समान मूल्याचे काम' ही संकल्पना समाविष्ट करून मानधनी कामांचे मूल्यमापन व्हावे. २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतील एक-तृतीयांश जागांची तरतूद केली; मंडळांना तिचा स्पर्श नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

यांपैकी बहुतेक उपायांना कायदेबदल लागेल. एका उपायाला तो लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमान्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली मंडळे व समित्या यांचे विवरण आणि आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मासिक मोबदला स्वतःहून प्रसिद्ध करावयाचा असतो. या विवरणात स्त्री-पुरुष असा एक स्तंभ वाढविला, मानधनावर काम करणाऱ्यांची नावेही त्याच तक्त्यात घेतली आणि तो तक्ता पुसेगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकापासून विद्यापीठाच्या सूचनाफलकापर्यंत सर्वत्र लावला, तर कोण निर्णय घेते आणि कोण किती मोबदल्यात राबते हे एकाच कागदावर दिसेल. महिला सभेत बसलेली स्त्री तो कागद वाचून प्रश्न विचारू शकेल. तुलना करण्याचा जो अधिकार संवर्गांच्या भिंतींनी हिरावून घेतला आहे, तो परत मिळविण्याची सुरुवात अशा साध्या तक्त्यापासून होऊ शकते.